घंटा झाली नाही म्हणे!

साहेब, माझी जीभ तुम्ही बांधलीत. आणि ‘घंटा झाली नाही’ असं माइकवरून जाहीरही तुम्हीच केलंत. एखाद्याचं तोंड दाबून धरायचं आणि वर त्यालाच विचारायचं, काय रे, बोलत का नाहीस? याला काय म्हणतात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही शर्यत समितीच्या खुर्चीत बसता म्हणून तोंडावर कोणी बोलत नाही. मला ना नोकरी ना पोट, मला कसली भीती? याला लबाडी म्हणतात.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी घंटा आहे. मैदानाच्या कडेला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांजवळ एका लोखंडी खांबाला मी टांगलेली आहे. पळणाऱ्याची शेवटची फेरी उरली की मला वाजवतात. दमलेल्या माणसाला फेऱ्या मोजता येत नाहीत, म्हणून माझी गरज.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. फुटकी भांडी, गळके नळ, किल्ली हरवलेली कुलपं असा टाकाऊ माल वितळवून त्यानं मला ओतलं. साच्यातून काढल्यावर त्यानं मला टिचकी मारली, कान लावला आणि बायकोला हाक मारली, ‘अगं ए, ऐकलंस का? ही बोलते!’ बायको आतूनच म्हणाली, ‘बरं झालं बाई. घरात तुमच्याशी बोलणारं कोणीतरी आलं.’

मैदानावर आले तेव्हा माझा थाट होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी मला राखेनं घासायचे. मी खणखणले की मेलेल्या पायांत जीव यायचा आणि पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहायची. मग भोंगे आले, आकड्यांचे मोठाले फलक आले. माझ्या अंगावर हिरवट थर चढला. जाड दोरी कुजली आणि तिच्या जागी कपडे वाळत घालायची निळी दोरी आली. तरी मी कुरकुर केली नाही. शेवटची फेरी अजून माझीच होती.

एका सकाळी दोन बायका माझ्याखालच्या बाकावर येऊन बसल्या. एक कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची, म्हणून सगळे तिला कॉलरवाली म्हणत. चाळिशी ओलांडलेली. दुसरी तिची मोठी नणंद. शाळेत असताना ती भरपूर पळायची, आता गुडघे कामातून गेलेले. दोन महिन्यांवर मोठी शर्यत होती, कोणीही भाग घ्यावा अशी. कॉलरवालीनं नाव दिलं होतं.

‘आता हे काय खूळ?’ नणंदेनं विचारलं.

‘ताई, शाळा अर्धी सुटली. टायपिंग अर्धं राहिलं. तुमच्या भावासाठी विणायला घेतलेला मफलर अजून हातभरच आहे. एक तरी गोष्ट मला शेवटपर्यंत न्यायची आहे.’

‘संसार नेतेयस की.’

‘तो तुमचा भाऊ ओढतोय. मी नुसती मागे बसलेय.’

नणंद इतकी हसली की बाक हलला. मग म्हणाली, ‘ऊठ. पळ बघू.’

कॉलरवाली अंगात वारं शिरल्यासारखी सुटली आणि पहिल्याच वळणावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नणंद ओरडली, ‘बस चुकतेय का तुझी? माझ्याशी भांडता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. भांडताना दम लागला तर वेग जास्त झाला, समजलं?’

तेव्हापासून रोज सकाळी मैदानात भांडण सुरू झालं. ती माझ्याजवळून जायची तेव्हा नणंद बाकावरून एक वाक्य टाकायची आणि उत्तर यायचं थेट पुढच्या फेरीला.

‘माझा नवा स्वेटर कोणी आटवला?’

एक फेरी झाली. ‘गरम पाण्यात तुम्हीच टाकला होतात!’

‘मी कोमट म्हटलं होतं!’

आणखी एक फेरी. ‘कोमट काय असतं हो? वाफा येत होत्या त्याला!’

हसू नका, मित्रांनो. या भांडणावर तिचा श्वास तयार झाला. आधी चालत-पळत, मग सलग, मग मैदान सोडून बाहेरच्या रस्त्यावर. पोटऱ्या दुखल्या, बुटांनी टाचा सोलल्या, घरचे म्हणाले आता बस झालं. ती दुसऱ्या दिवशी हजर.

फक्त माझं आणि तिचं जमत नव्हतं. नणंदेनं पहिल्यांदा माझी दोरी ओढली तेव्हा कॉलरवाली जागच्या जागी थांबली. हात झटकले आणि बाकाकडे आली.

‘थांबलीस का गं?’

‘घंटा झाली ना!’

तिच्या कारखान्यात घंटा झाली की मशीन बंद करायची. वर्षानुवर्षं हात तेच शिकले होते, पायांनाही तेच वाटलं. नणंदेनं कपाळावर हात मारला. ‘ही सुट्टीची घंटा नाही, बये! ही म्हणते, एक फेरी राहिली, आता काय असेल नसेल ते काढ. ही वाजेपर्यंत थांबायचं नाही आणि वाजल्यावर तर मुळीच नाही.’

हे तिच्या पायांना पटायला फार दिवस लागले. पण पटलं. पुढे मी वाजले की ती कात टाकल्यासारखी पळायची, आणि त्या फेरीत मात्र नणंदेशी भांडायचीही नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तुमच्या चिटणीसांनी नियम वाचून दाखवले, साहेब. शहरभर फिरून मैदानात यायचं, आत तीन फेऱ्या मारायच्या. शेवटच्या फेरीला ज्याच्या त्याच्यासाठी घंटा होईल. ती ऐकल्याशिवाय थांबायचं नाही. दुपारचा भोंगा होईपर्यंत आलेल्या प्रत्येकाची शर्यत धरली जाईल.

प्रत्येकाची. हा शब्द तुमचा आहे.

पहिले आले, मी वाजले. मधले आले, मी वाजले. मग पाहुणे घाईत आहेत म्हणून तुम्ही बक्षीस समारंभ अलीकडे ओढलात. मंच माझ्या खांबाला खेटून होता. तुम्ही चिटणीसांना म्हणालात, ‘भाषणात ती टणटण नको.’ त्यांनी कापडी फलकाची एक पट्टी फाडली आणि माझ्या लोलकाला, म्हणजे जिभेला, करकचून गुंडाळली. दुपारचा भोंगा अजून व्हायचा होता. रस्त्यावर एक बाई अजून पळत होती.

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता, पण पाय चालू होते. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. दोरीपाशी कोणी नव्हतं, म्हणून नणंदेनंच माझी दोरी ओढली. थप्प! उशीवर बुक्की मारावी तसा आवाज. तिनं पुन्हा ओढली. चिटणीस धावत आले. ‘बाई, पाहुणे बोलताहेत! कळत नाही का?’

‘अहो, आमचं माणूस पळतंय!’

‘नंतर वाजवा.’

नंतर! शेवटची फेरी कधी नंतर असते का, साहेब?

नणंद गळा फाडून ओरडली, ‘अगं, हीच शेवटची!’ पण वर दोन कर्णे लागले होते आणि पाहुणे जिद्दीवर बोलत होते. कॉलरवालीनं तिसरी फेरी पुरी केली. घंटा नाही. ती पळत राहिली. चौथी. ती माझ्याकडे बघायची, मान वर करून, आणि मी नुसती लोंबकळत होते. पाचवी. पायऱ्यांवर लोक हसायला लागले. शेवटी नणंद आपले ते मोडके गुडघे घेऊन मैदानात उतरली आणि तिनं तिला कवेत धरलं.

‘झाली गं, केव्हाच झाली.’

‘पण घंटा कुठे झाली?’ ती म्हणाली.

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला आणि माइकवरून तुमचा आवाज आला. एक स्पर्धक अपूर्ण. घंटा झाली नाही.

सगळ्यांपेक्षा जास्त पळालेली ती बाई, साहेब, तुमच्या शर्यतीत एकटीच अपूर्ण ठरली. ती मंचापाशी आली. तिनं पदक मागितलं नाही. ती म्हणाली, ‘माझी शर्यत झाली की नाही, एवढंच सांगा.’ चिटणीस म्हणाले, ‘नियम म्हणजे नियम, बाई.’ तुम्ही पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाला होतात. जाता जाता म्हणालात, ‘कळवू.’

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा म्हणजे काय, हे तुम्हाला शाळेत सांगत असतील. घासा, पुसा, रंग द्या. मला नाही घासलंत तरी चालेल. अंगावरच्या हिरव्या थरानं माझं काही बिघडत नाही. पण जी वस्तू ज्या कामासाठी केली, ते काम तिला करू द्या. आणि तिचं तोंड कोणी बांधताना दिसलं, तर भाषण कितीही मोठ्या माणसाचं असो, मध्येच उठा आणि आधी ती गाठ सोडा.

आणि साहेब, तुम्ही. ती पट्टी अजून माझ्या जिभेला आहे. कॉलरवाली त्या दिवसानंतर मैदानात आली नाही. नणंद एकटी येते, बाकावर बसते आणि कोणाशीही भांडत नाही. काल तिनं तुमच्या कचेरीत पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, कळवू.

कळवू नका. इथे या, या खांबाखाली, माणसांदेखत उभे राहा आणि एका शब्दात सांगा. ती बाई शर्यत पुरी पळाली, हो की नाही?