जावयावर दावा

"बाथरूममध्ये घसरून पडले, असं डॉक्टरांना तुम्हीच सांगितलंत ना?" विमा कंपनीच्या वकिलाने विचारले. आवाज इतका गोड, की ऐकणाऱ्याला वाटावे प्रकृतीची चौकशी चालली आहे.

टेलरबाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. "हो."

"आणि आता म्हणता, जावयाच्या स्कूटरवरून पडले."

"हो."

"मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. उभा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेला. वीतभर कापड उरले तरी घडी घालून गिऱ्हाइकाला परत देणारी बाई म्हणून गल्लीत त्यांचा लौकिक होता. तीच बाई आज भर कोर्टात, परक्या माणसांच्या देखत, आपण नेमके कोणत्या दिवशी खोटे बोललो ते आठवत उभी होती.

खरे तर सगळे भिडेपायी झाले होते. जावई हौसेने त्यांना बटणे आणि अस्तर आणायला बाजारात घेऊन गेला. येताना त्याचा फोन वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला आणि वळणावर स्कूटर आडवी झाली. त्याला साधे खरचटलेही नाही. बाईंचा गुडघा मात्र पार कामातून गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, तेव्हा जावई पांढराफटक चेहरा करून दाराशी उभा होता. याच्यामागे आता पोलिसांचे झेंगट लागणार, लेकीच्या डोक्याला ताप होणार, या विचाराने बाईंनी ठोकून दिले, "बाथरूममध्ये पाय घसरला."

एकदा सांगितले ते निभवावे लागले. शेजारीण कळवळून रबरी चटई घेऊन आली. बाईंनी तोंड भरून तिचे आभार मानले आणि ती चटई बाथरूममध्ये अंथरलीसुद्धा. रोज अंघोळीला तिच्यावर उभे राहताना त्यांना स्वतःचीच लाज वाटे.

गुडघा वाकेना, तिथे शिलाई मशीनचे पायडल काय मारणार? मोटर बसवून झाली, पण ताठ पाय घेऊन बसवतच नव्हते. गणवेशाचे काम दुसरीकडे गेले. इतकी वर्षे कुणापुढे हात न पसरलेली बाई लेकीच्या घरी चहा घेतानाही "अर्धाच दे" म्हणू लागली.

वकीलबाईंकडे त्यांना घेऊन गेला तो जावईच.

"दावा म्हणजे यांच्याकडंच पैसे मागायचे?" बाई तिथेच उठायला निघाल्या. "त्यापेक्षा मी जन्मभर लंगडेन."

"अहो मावशी, पैसे विमा कंपनी देणार. गाडीचा विमा काढतात तो यासाठीच. पण चूक कुणाची हे सिद्ध करावं लागतं, म्हणून चालवणाऱ्याचं नाव विरुद्ध पक्षात येतं. आणि ही काही भीक नाही. तुमचं अंग मोडलं, काम बुडालं. भरपाई हा तुमचा हक्क आहे."

"हक्क माझा आणि बदनामी यांची!"

"होऊ दे, आई," जावई म्हणाला. "तुम्ही माझ्यापायी घरात बसलात, ते रोज बघवत नाही मला. माझी चूक आहे, तशी सांगा."

"आणि ते बाथरूमचं?"

वकीलबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. "तेव्हा खोटं बोलले, असं तुम्हालाच उभं राहून सांगावं लागेल. वळणावरच्या रंगाच्या दुकानदारानं सगळं पाहिलंय, तो साक्ष देईल. पण तुम्हीच कच खाल्लीत तर दावा गेला म्हणून समजा. कोर्टात मात्र तुम्ही दोघं लांब बसा. कंपनीचा वकील तुमचं साटंलोटं आहे म्हणायला टपलेलाच असणार."

आता तो वकील भुवया उंचावून उत्तराची वाट पाहत होता.

"तेव्हा," बाई म्हणाल्या. "तेव्हा खोटं बोलले."

"का?"

"जावयाचं नाव कसं सांगणार?"

"अच्छा! म्हणजे जावयासाठी तुम्ही खोटं बोलता. मग आज पैशांसाठी बोलत नाही कशावरून?"

बाईंचे कान तापले. त्यांना वाटले, सरळ घरी जावे, पाय गेला तर गेला.

"बरं, ते फोनवर बोलत होते म्हणता. मग तुम्ही अडवलं का नाही? मागंच बसला होतात ना?"

"अहो, जावई आहेत ते," बाई कळकळीने म्हणाल्या. "त्यांना कसं म्हणायचं, फोन ठेवा म्हणून?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा पुसायला घेतला. समोरच्या बाकावर जावई मान खाली घालून बसला होता. शेजारी लेक होती, ती हसणाऱ्यांकडे रागाने बघत होती.

न्यायाधीशांनी चष्मा परत लावला. "बाई, चूक कुणाची होती, तेवढं स्पष्ट सांगा."

बाईंनी जावयाकडे पाहिले. लग्न ठरले त्या दिवसापासून या माणसाला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती, की त्याच्या बोलण्यावर उलट शब्द काढला नव्हता. त्याने हळूच मान हलवली, सांगा म्हणून.

"त्यांची," त्या म्हणाल्या. टंकलेखकाला ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगावे लागले, "जावयांची. चूक जावयांची होती."

खरे बोलल्यावर मन हलके होते म्हणतात. बाईंचे काही हलके झाले नाही. घरच्या माणसाला चारचौघांत उघडे पाडल्यासारखे वाटून त्यांचे डोळे भरून आले. खोटे बोलताना लाज वाटली होतीच, आता खरे बोलूनही तीच पदरी आली.

"झालं. उतरा," शिपाई म्हणाला.

पिंजऱ्याची पायरी उंच होती. बाईंना ती उतरता येईना, हे सगळ्यांत आधी जावयाच्या लक्षात आले. तो ताडकन उठला आणि हात पुढे करून दोन पावले आलाही. विमा कंपनीचा वकील लगेच त्याच्याकडे वळला. वकीलबाईंनी डोळे वटारले. जावई मध्येच थबकला. पुढे केलेल्या हाताचे काय करावे, ते त्याला कळेना.

"असू द्या. बसा तुम्ही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

तो मागे जाऊन बसला. बाईंनी कठडा धरला, आधी ताठ पाय खाली सोडला, दात आवळून त्याच्यावर भार दिला आणि मग दुसरा पाय उतरवला. मग पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला, आणि भिंतीला हात लावत लावत बाई आपल्या बाजूच्या रिकाम्या बाकाकडे चालू लागल्या.