पाठ झाली, दंड राहिले

मी रॉड बोलतोय. व्यायामशाळेतला, वजनं लावून उचलायचा लोखंडी रॉड. नीट ऐका, दोनदा सांगायची सवय नाही मला.

वसईच्या एका लेथवाल्याने मला कापलं. इग्नेशियसने सायकलला आडवं बांधून घरी आणलं. वाडीतल्या केळी पिकवायच्या खोलीत त्याने व्यायामशाळा काढली. नव्वदनंतरची गोष्ट, नक्की साल विचारू नका.

खोलीत आरसा नव्हता. नियम एकच, आधी पाठ, मग दंड. वाकायचं, मला जमिनीवरून पोटाशी ओढायचं. पाठ दमली की मग दंडाची बेटकुळी फुगवायची.

इग्नेशियस म्हणायचा, "पाठीचा व्यायाम करताना ओढायला दंडच लागतात. तेच आधी दमवलेस, तर काय दातांनी ओढशील?"

पण माणसाला पाठ नकोच असते. स्वतःची स्वतःला दिसत नाही ना!

त्याचा धाकटा भाऊ कॉन्रॅड तसलाच. पण हात काय त्याचे! गरम, खरखरीत. एका भावाने ठेवलं की दुसऱ्याने उचलायचं. मी गार पडायचोच नाही. तेवढं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

कॉन्रॅडचं जुलियानाशी लग्न ठरलं. कोटाचं माप द्यायच्या दिवशी पठ्ठ्याने आधी दंड फुगवले आणि तसाच टेलरकडे पळाला. पाठ राहिलीच. लग्नापर्यंत फुगवटा ओसरला, कोटाच्या बाह्या उशीच्या अभ्र्यासारख्या लोंबल्या. हे मला नंतर कळलं, भांडणातून.

"सगळ्या मांडवासमोर बोललास, बेटकुळी टेलरकडेच विसरली म्हणून! जुलियानाचे भाऊ हसले मला."

"मग? खोटं बोललो?"

"दादा, तुझी पाठ तुलाच लखलाभ."

बायकोला घेऊन तो बोळिंजला राहायला गेला. तिथे आरसेवाली जिम आहे म्हणे. असेल.

इग्नेशियस एकटाच उचलायचा. ठेवलं की समोर बघायचा. समोर कोण होतं? भिंत. मग त्याचे गुडघे गेले, वजनं भंगारात गेली. मला ओट्यावर टांगलं. त्याची बायको मार्था माझ्यावर ओल्या चादरी टाकायची. मला गंज चढला. चादरीला काय पकड असते?

गेल्या नाताळात कॉन्रॅड आला. पोट सुटलेलं, डोक्यावर केस विरळ. दोघे भाऊ केक खात बसले. मग कॉन्रॅडच उठला, चादरी बाजूला केल्या, मला खाली उतरवलं. वाकला आणि ओढलं. एक वजन लावलेलं नाही, तरी धापा टाकत होता. हात मऊ झालेत. पण मी ओळखले.

खुर्चीतून इग्नेशियस ओरडला, "कंबर सरळ ठेव, गाढवा!"

"ठेवलीय, दादा."

पाठ झाली. तेवढ्यात रिक्षा आली म्हणून जुलियानाने हाक मारली. कॉन्रॅडने मला भिंतीला टेकवलं. "दंड पुढच्या वेळी," म्हणाला आणि गेला.

मार्था मला पुन्हा टांगायला आली, तर इग्नेशियस खेकसला, "हात लावू नको. त्याचे दंड राहिलेत."

तिने बडबडत चादरींसाठी दोरी बांधली. मी अजून भिंतीलाच टेकून आहे. रिक्षा वाजली की खुर्ची करकरते.

कॉन्रॅड, ये की रे लेका. नाताळच कशाला हवा?