उरलेली धावपट्टी

ऑफिसात सगळे त्यांना नन्नाकाका म्हणायचे. तोंडावर नुसतं काका. विमान कंपनीच्या कुठल्या विमानाने कुठल्या धावपट्टीवरून किती वजन घेऊन उडायचं, हे ठरवायचं त्यांचं काम. आणि ठरवायचं म्हणजे बहुतेकदा नाही म्हणायचं. नाही म्हणणाऱ्या माणसाला चहाला कोण बोलावतंय? काका खिडकीशी बसून एकटेच डबा खायचे.

त्यातही डोंगरातला तो विमानतळ म्हणजे डोक्याला ताप. धावपट्टी आखूड, आणि उन्हाने हवा विरळ झाली की विमानाची ताकद कमी पडते. धावताना एक इंजिन बंद पडलं तरी माणसं सुखरूप राहावीत म्हणून दुपारच्या विमानात नियमाने चार जागा रिकाम्या ठेवाव्या लागत. काका आठ ठेवत. एकदा भर दुपारी ते तिथे धावपट्टीच्या कडेला उभे राहिले होते, आणि डोंगरावरून वारा कसा अचानक उलटतो ते त्यांनी अंगावर घेतलं होतं. वारा पाठीमागून आला की विमान उठायला जास्त अंतर खातं. पण हे विक्रीवाल्यांना सांगून काय उपयोग? त्यांना दिसायच्या त्या फक्त जास्तीच्या चार रिकाम्या खुर्च्या.

त्या दिवशी सकाळी सकाळी लेकीचा फोन आला. ती त्याच डोंगरातल्या गावात नोकरीला. आई गेल्यापासून घरी फिरकली नव्हती; आईशिवायचं घर बघवत नाही म्हणायची.

"बाबा, परदेशातली नोकरी मिळाली. याच आठवड्यात निघायचंय. मधे आजचाच दिवस मोकळा आहे. येऊ? एक रात्र राहते."

"विचारतेस काय, चिमे?"

तिच्या पलंगावर धुतलेली चादर घालूनच काका ऑफिसला गेले. तिकिटं केव्हाच संपली होती. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मिळतो तो पास चिमीकडे होता, म्हणजे जागा उरली तर बसायचं. आणि दिवसाला विमान एकच.

दुपारी विक्री विभागाच्या मॅडम स्वतः आल्या.

"काका, लेक येतेय म्हणे तुमची. मग त्या चार जागांवर सही करा की. नियमात बसतंय. आज चाललं तर रोज चालेल. तुमचंही भलं, आमचंही."

काकांनी कागद पुढे ओढला. खोटं कशाला सांगा, पेनही उघडलं. जीव तुटत होता बिचाऱ्यांचा.

"चार माणसांनी विमान पडणार आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"एक इंजिन गेलं आणि नेमका तेव्हाच वारा फिरला तर..."

"झालंय असं कधी?"

"नाही."

आता पुढे काय बोलणार, कपाळ? न झालेला अपघात माणूस दाखवणार तरी कसा? काकांनी स्वतःलाच विचारलं, तिकडे चिमी नसती तर केली असती का सही? नसती केली. त्यांनी पेन बंद केलं.

"धन्य आहात," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्याही नाहीत. कागद उचलून निघून गेल्या.

थोड्या वेळाने चिमीचा फोन आला.

"बाबा, मला नाही घेतलं. आत आठ जागा रिकाम्या आहेत, तरी नाही घेतलं. कुठल्या शहाण्याने ठरवलंय हे?"

"मी."

तिच्या मागून इंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली. ती विमानतळाच्या काचेशीच उभी होती.

"सुटलं," ती म्हणाली.

काकांनी रोजच्यासारखा श्वास रोखला. विमान उडेपर्यंत ते कुणाशी बोलत नसत.

"उडालं. कितीतरी धावपट्टी उरली, बाबा. मी बसले असते तरी उडालं असतं."

"हो ग. उडालं असतं."

"वारासुद्धा नव्हता."

"नव्हता ना?" काका म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. खूप काही बोलायचं होतं, पण तोंडात आलं ते सवयीचंच. "पोचलीस की कळव हं."

"मी निघालेच कुठे, बाबा," चिमी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.