खालची खोली

एक वाक्य बोलायला ताई निघाली होती. "छोटू, पुढच्या महिन्यापासून बाबांना तू घेऊन ये, मी नोकरीवर चालले." झालं, एवढंच. बसच्या खिडकीशी बसून तिने ते इतक्या वेळा घोळवलं की शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, "मला काही म्हणालात का?"

"नाही हो, माझं माझंच चाललंय," ताई म्हणाली आणि ओशाळून बाहेर बघू लागली.

वाक्य छोटं होतं, पण अकरा वर्षं तुंबलेलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याची सारखी बदली व्हायची, आणि ताई बिनलग्नाची, म्हणजे लोकांच्या लेखी रिकामी. रिकामी कसली, घराखालच्या पडद्यांच्या दुकानात दिवसभर मशीनवर वाकलेली असायची. पण दुकान घराखालीच, ही तर केवढी सोय! बाबांना काही हवं झालं की ते वर काठी आपटत आणि खाली ताई "आले, आले" म्हणत जिन्याकडे धावे. पाणी हवंय, कूस बदलायची आहे, नाहीतर नुसतंच ती खाली आहे ना हे बघायचं आहे. दोनदा सांभाळायला बाई ठेवून पाहिली. बाबांनी दोघींच्या हातचा घास थुंकून टाकला. वृद्धाश्रमाचा विषय काढला की ते ताईचं मनगट धरून ठेवत, आणि त्यांच्या चांगल्या हाताला अजून भलतीच ताकद होती.

मग या वर्षी दुकानात परगावच्या एका नाट्यगृहाचा दर्शनी पडदा दुरुस्तीला आला. लाल मखमलीचं ते एवढं मोठं धूड गोदामात पसरलं, आणि ताईला त्याच्या आत शिरून, अंगावर घेऊन शिवावं लागलं. एका दुपारी ती अशीच आत होती आणि वर काठी वाजत राहिली. तिला ऐकूच आली नाही. बाहेर आली तेव्हा मालक ओरडत होता, बाबांचं अंथरूण ओलं झालं होतं, आणि ताईला अपराधी वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या तळाशी जे होतं ते सुख होतं, आणि ते तिने स्वतःशी कबूल केलं.

पडदा न्यायला आलेले, नाटकाचे कपडे सांभाळणाऱ्या कपडेपटाचे मास्तर शिवण उलटीपालटी करून बघत राहिले. "आमच्याकडे येता का? कपडेपटाच्या मागे राहायला खोली आहे. दौऱ्यावर मात्र यावं लागेल." ताई सेहेचाळीस वर्षांची होती. दौऱ्यावर येता का, असं तिला कोणी विचारेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मास्तर रविवारी फोन करणार होते. त्या दिवशी हो-नाही कळलं नाही तर ते दुसरी बाई बघणार होते.

आणि छोटूचं घर होत आलं होतं. "घर होऊ दे ताई, बाबांना मी घेऊन येतो," हे तो दोन वर्षं म्हणत होता. आता पडद्यांची मापं घ्यायला त्याने तिला शनिवार-रविवारी बोलावलं. शेजारच्या काकूंना दोन दिवस बाबांपाशी बसवून ताई निघाली. पिशवीत टेप, खडू, कापडाचे नमुने. वाक्य तोंडात.

छोटू स्टँडवर उभाच होता. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चार माणसं हाताखाली आली, तरी घरात तो छोटूच. गाव दाखवताना तर असा फुशारला होता, जणू त्यानेच वसवलंय. "हा दवाखाना, बघ. हे औषधांचं दुकान. सगळं हाकेच्या अंतरावर. तुमच्या शहरात आहे असं?" गाव म्हणजे एक लांब रस्ता होता. दुपारची दुकानं अर्धी मिटलेली, एका न्हाव्याच्या खुर्चीत न्हावीच झोपलेला. दवाखाना बघून ताईचा जीव भांड्यात पडला. बाबांचा विचार करूनच जागा घेतलीय पोराने, तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

घराला ओल्या गिलाव्याचा वास होता. जिन्याला अजून कठडा नव्हता. भावजय डोक्याला रुमाल बांधून खिडकीच्या काचेवरचे रंगाचे थेंब ब्लेडने खरवडत होती. हसली, पण ब्लेड थांबवलं नाही. तिचं बोलणं नेहमीच मोजूनमापून.

मापं घेताना ताईला बरं वाटायचं. टेपचं एक टोक छोटूच्या हातात, दुसरं तिच्या. वरची निजायची खोली, पोरांची खोली, बैठक. "इथे चुण्या दाट घालू, ऊन सरळ येतं," असं ती सांगत होती आणि छोटू माना डोलवत होता. वाक्य दोनदा ओठांपर्यंत आलं. पण आधी बाबांची खोली बघू आणि तिथेच बोलू, असं तिने ठरवलं.

"आता डोळे मीट," छोटू खाली आल्यावर म्हणाला.

"काय पोरपणा हा!"

"मीट ना!"

तिने मिटले. दार उघडल्याचा आवाज झाला. मग छोटूने तिला खांद्याला धरून आत उभं केलं, लहानपणी ती त्याला आरशासमोर उभं करायची तसं.

खोली छान होती. उंबरा नव्हता, चाकाची खुर्ची सरळ आत यावी म्हणून. दार रुंद, न्हाणीघर आतच, भिंतीला धरायला दांडे. खिडकीशी एक पलंग. आणि समोरच्या भिंतीशी दुसरा.

"दुसरा कोणाला?" ताईने विचारलं.

"कोणाला म्हणजे? तुला!" छोटू खदखदून हसला. "बाबांना एकट्याला आणीन होय? ही तुमची दोघांची खोली. हे बघ, खिडकीखाली मुद्दाम प्लग घेतलाय, तुझं मशीन इथे बसेल. दुकानाची नोकरी सोड आता, आयुष्यभर पाय मारलेस. गावातली चार कामं आली तर घरबसल्या करायची, नाही आली तर आराम. आणि हे." त्याने खिडकीकडच्या पलंगापाशी भिंतीवरचं पांढरं बटण दाखवलं. "बाबांच्या चांगल्या हाताला येईल असं लावलंय. घंटा तुझ्या उशाशी. काठी आपटायला नको, तुला जिने चढायला नकोत. वायरमन उद्या जोडून देणार आहे."

ती पलंगावर बसली, मग हा आपला पलंग आहे हे लक्षात येऊन उठली.

"छोटू, मला एक नोकरी आलीय. नाट्यगृहात. बाहेरगावी."

"तुला?" त्याला खरंच कौतुक वाटलं. "वा! माझी ताई म्हणजे काय! पण आता कशाला ती दगदग?"

"मला जावंसं वाटतंय."

"आणि बाबा?" त्याने हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. तो खरोखरच गोंधळला होता. "तूच म्हणतेस ना, बाबांशिवाय मला करमत नाही? दर फोनला म्हणतेस. मी विचारतो, ताई, त्रास होतो का गं, तर म्हणतेस, छे, मला कसला त्रास, सवयीचं झालंय. मी हिला सांगितलं, बाबांना ताईपासून तोडलं तर दोघंही खचतील. आधी आराखड्यात इथे गाडीची जागा होती. तुझ्यासाठी बदलून घेतली."

सगळं ताईच म्हणाली होती. शब्द न् शब्द. परगावच्या भावाला कशाला घोर लावायचा, म्हणून म्हणाली होती. फोन ठेवला की कधी मोरीत जाऊन रडायची आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच म्हणायची. त्या बिचाऱ्याने एकेक वाक्य जपून ठेवलं आणि त्याची खोली बांधली. चिडायचं तरी कोणावर?

सकाळी छोटू वायरमनला आणायला गेला आणि ताई स्वयंपाकघरात आली. भावजय ओट्यावर वाळलेलं सिमेंट घासत होती. ताईने आडवळण घेतलं नाही. "अगं, मी इथे येऊन राहणार नाही. बाबांचं तुम्ही दोघांनी बघा. मी पगारातून पैसे पाठवीन, बाई ठेवा, काही करा. पण मला सोडा."

भावजयीने हात धुतले, पुसले. चहाचा कप ताईपुढे ठेवला.

"तुम्ही खरं बोललात, म्हणून मीही बोलते. मी माझ्या आईचं केलंय, ताई. लग्नाआधी, सगळं अंथरुणातच. लग्नाला हो म्हणाले तेव्हा ह्यांना एकच अट घातली होती, पुन्हा हे काम माझ्याकडे येणार नाही. हे दिवसभर कचेरीत. म्हणजे शेवटी कोण करणार? तुम्ही येणार असाल तर बाबा येतील. खोली त्या बोलीवर झालीय."

"आणि मी आले नाही तर?"

"तर बाबा आहेत तिथेच राहतील. मी वाईट आहे असं म्हणा हवं तर."

ताईला म्हणायचं होतं. पण समोर जो चेहरा होता तो तिने रोज आरशात पाहिला होता. ती चहा पीत राहिली, चहा संपल्यावरही कप तोंडाशी नेत राहिली.

"तुम्ही निघून जा ना," भावजय हळूच म्हणाली. "नुसत्या जा. मी तर नसते थांबले."

"आणि ते काठी आपटत बसतील?"

भावजयीने पुन्हा घासायला घेतलं.

दुपारच्या बसआधी खालच्या खोलीची मापं राहिली होती. खिडकीचं झालं. मग छोटू म्हणाला, "दोन पलंगांच्या मध्ये पण एक घालूया पडदा. तुला जरा आडोसा. ही हिची कल्पना." तो स्टुलावर चढून छताशी टेप धरून उभा राहिला, ताई खाली गुडघ्यावर टेकली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. मास्तर होते.

"मग बाई, काय ठरलं?"

टेप ताणलेला होता. वरून छोटू बघत होता. बाहेर जाऊन बोलता आलं असतं, आणि हे तिला नंतर बसमध्ये, घरी, मशीनवर, कायम आठवणार होतं. पण टेपचं टोक सोडलं असतं तर माप चुकलं असतं.

"नाही जमायचं, मास्तर."

"अहो, पण का? काही अडचण आहे का? त्रास असेल तर सांगा, थोडे दिवस थांबू आम्ही."

"छे, मला कसला त्रास," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा हसराच आला. अकरा वर्षांत तो इतका घोटून तयार झाला होता की आता त्याला तिची गरजही उरली नव्हती. "बाबांशिवाय मला करमत नाही हो. तुम्ही दुसरी बाई बघा."

फोन बंद झाला. छोटूचे डोळे भरून आले होते. "बघ, मी हिला म्हणालो होतो," तो म्हणाला. त्याने माप सांगितलं. ताईने लक्षात ठेवलं. मखमलीचा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो काढून टाकला. एवढ्याशा खोलीत मखमल म्हणजे धूळ.

वायरमनने पक्कड खिशात घातली. "झालं जोडून. दाबून बघा."

ताई पिशवी आवरून दारापर्यंत गेली होती. तिची पाठ खोलीकडे होती. आत दोन रिकामे पलंग, स्टूल, आणि भिंतीशी ऐटीत उभा असलेला छोटू. त्याने बटण दाबलं.

घंटा वाजली.

"आले, आले," म्हणत ताई वळली आणि धावत आत आली.