मुबारकचाचांचे मजूर

मुबारकचाचांच्या यकृतातल्या गाठीवर उपाय म्हणून त्यांच्या रक्तात हजारो सूक्ष्म यंत्रं सोडली होती. ती रक्तातल्या साखरेवर चालत, शेपटी हलवत गाठीपर्यंत पोहत आणि तिथे औषध सोडत. सगळा प्रयोगच होता. पनवेलमधल्या त्यांच्या घरी जाऊन नोंदी घेणं माझं काम. पोटावरच्या पट्ट्यामुळे ती यंत्रं टॅबवर हिरव्या ठिपक्यांसारखी दिसत, आणि गरज पडली तर तिथूनच बंदही करता येत.

चाचा पूर्वी कुवेतला बांधकामावर फोरमन होते. "काय रोहिणी, माझे मजूर कामावर आहेत ना? बसलेला दिसला तर पगार काप."

"पगार तुम्हीच देताय, चाचा. साखरेत."

"ऐकलंस, हाजरा? चहात अजून एक चमचा टाक."

"मजुरांच्या नावावर स्वतःच प्या!" चाची आतून ओरडायच्या.

गाठ खरंच निम्मी झाली होती. मग मंगळवारी सकाळी चाचांना अचानक धाप लागली आणि तासाभरात ते गेले. यंत्रं एकमेकांना चिकटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली असावीत, असं डॉक्टर म्हणाले. संमती घेताना हा धोका आम्ही सांगितला होता. 'क्वचित' म्हणून.

मी पोचले तेव्हा त्यांचा मुलगा नावेद दारातच उभा होता. "अम्मी कुणाला हात लावू देत नाही. गुस्लचं, शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलेलं गार झालं. तूच समजाव."

चाची खाटेजवळ टॅब छातीशी धरून बसल्या होत्या.

"बघ बेटा, हलतायत. डॉक्टर म्हणतात इंतकाल झाला. मग हे कसे चाललेत?"

ठिपके हलत होते. शेवटपर्यंतच्या नोंदी घे, असा प्रयोगशाळेचा मेसेज माझ्या फोनवर आला होता.

"चाची, रक्त थांबलंय. पण त्यात थोडी साखर उरलीय. ती संपेपर्यंत हे पोहत राहणार."

"म्हणजे ह्या मजुरांना ठाऊकच नाही?"

"नाही. त्यांना कळेल अशी सोय आम्ही केलेली नाही."

चाचींनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"कुवेतला दुपारचं ऊन चढलं की हे कुणाला राबवायचे नाहीत. मालक ओरडला तरी." त्यांनी टॅब माझ्यापुढे धरला. "बंद कर."

मी बंद केलं. ठिपके एकेक करून थांबले. शेवटचा गाठीच्या कडेला थांबला.

चाचींनी स्वतःच्या हाताने पट्टा सोडवला.

"नावेद, पाणी पुन्हा तापव," त्या म्हणाल्या. "त्यांना गार चालत नाही."