टिकाऊ म्हणजे नेमकं काय

दुपारचे अडीच वाजले होते आणि चार वाजता माल देणाऱ्याच्या गोदामात गाडी भरायला घेणार होते. सूनबाई सकाळपासून टेबलाकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून टेबलाकडे येरझाऱ्या घालत होती. तिला सगळे सूनबाईच म्हणत, कारण वाचनालयाच्या समितीची अध्यक्ष तिची सासू होती आणि नव्या इमारतीचं काम सुनेलाच मिळालं म्हणून बरीच कुजबुज झाली होती. सून आर्किटेक्ट चांगली आहे, हे मात्र कोणी कुजबुजलं नाही.

पश्चिमेच्या भिंतीला लूव्हर बसायचे होते, म्हणजे खिडक्यांबाहेर आडव्या पट्ट्या. ऊन अडवायचं, वारा येऊ द्यायचा, दिसायचं लाकडासारखं, पण झाड तोडायचं नाही. तिने समितीसाठीच्या टिपणात लिहिलं, ‘टिकाऊ कृत्रिम लाकूड घ्यावे.’ बैठकीत हात वर झाले, ठराव झाला, ऑर्डर गेली.

आज सकाळी माल देणारा नमुन्याची पट्टी घेऊन आला. दिसायला झकास होती.

“मॅडम, पंचवीस वर्षं हात लावायला नको. भुसा आणि प्लास्टिक पार एकजीव केलंय.”

“आणि पंचवीस वर्षांनी? वितळवून पुन्हा वापरता येईल?”

“ह्याचं नाही जमत. द्यायचं कुठंतरी टाकून. आम्ही परत घेत नाही.” मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, “तुम्ही टिकाऊ मागितलंत, आम्ही टिकाऊ दिलं.”

अहवाल वाचून आणि चर्चासत्रांत बसून तिच्या तोंडी त्या शब्दाचा एक भलताच, मोठा अर्थ बसला होता. पृथ्वीला झेपेल असं, वगैरे. पण चप्पल घेताना माणूस ‘टिकाऊ आहे ना?’ विचारतो, तेव्हा तो काही पृथ्वीची काळजी करत नसतो. समितीने चपलेचाच अर्थ घेतला होता, आणि त्यात समितीचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याच माणसाकडे भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्याही होत्या, लाकडी रंग भाजून चढवलेल्या. त्यांचा रंग दहा-बारा वर्षांत विटतो, पुन्हा चढवावा लागतो. पण केव्हाही वितळवल्या तरी त्यांची पुन्हा पट्टी होते. तिला हव्या होत्या त्या ह्या.

तीन वाजता तिला राहवेना. ती तडक सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवलेली. मुलं त्यांना वेलांटीबाई म्हणत, अर्थात लांब उभं राहून.

“आई, माझा शब्द चुकला,” म्हणत तिने सगळं एका दमात सांगितलं.

“टिकाऊ म्हणजे टिकणारं. तुला काय म्हणायचं होतं?”

“आपल्यामागे कोणाला निस्तरावं लागू नये, असं.”

“मग तसंच लिहायचंस की! किती सरळ वाक्य आहे.” सासूबाईंचा सूर उतरला. “मी मात्र खूश होते गं. म्हटलं, पंचवीस वर्षं रंग उडणार नाही, तोवर नावं ठेवणारे तरी थकतील.”

“राहू द्यायचं का मग?” सून पुटपुटली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

“काही नको. तू रोज त्या भिंतीकडे बघून कुढत बसशील.” त्यांनी गोदामात फोन लावला. “गाडी भरू नका. हो, अध्यक्षच बोलतेय.”

सुनेला हायसं वाटलं, पण अर्धं मिनिटच.

“आता नीट ऐक,” सासूबाई म्हणाल्या. “ठराव बदलायला पुन्हा बैठक घ्यावी लागेल. तिथे तू उभी राहिलीस तर ते पट्ट्यांचं ऐकणारच नाहीत, आपलं नातं उकरत बसतील. न वाचता सही केली असं सांगून चूक मी माझ्या अंगावर घेते. पण त्याआधी तू काम सोडलेलं असायला हवं.”

“सगळं काम? आई, दोन वर्षं घासलीत मी!”

“माहीत आहे. रोज बघत होते. पट्ट्या तुझ्या मनासारख्या लागतील, इमारतीच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं येईल. चालेल तुला?”

सून खुर्चीत बसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

“नाही चालत, आई,” ती म्हणाली. “पण काम सोडल्याचं पत्र लिहिते. कागद द्या.”