मोडण्यासाठी केलेला हब

अब्दुर्रहमानने टेबलावर तीन हब मांडले होते आणि घरात सून आणायची असल्यासारखा तो एकेकाला निरखत होता. हब म्हणजे स्टिअरिंगचं चाक ज्या गोल तुकड्यावर बसतं, तो. गाडी चाचांनी आफ्रिकेहून जहाजाने आणलेली. लाल, दोन सीटची आणि इतकी बुटकी, की अंजूर गावच्या म्हशीही तिच्याकडे मान खाली करून बघायच्या.

पहिला हब भरीव, चकाकता, दृष्ट लागावी असा. तो त्याने हातातही घेतला नाही. दुसऱ्याची कळ दाबली की चाक सुटून हातात येई. हौशी पोरांचं खेळणं ते. कळ झिजली तर चालत्या गाडीत चाक हातात घेऊन बसावं लागायचं. तिसरा मात्र दिसायला अगदी दळभद्री होता. मधोमध पातळ पत्र्याची जाळी, तीही दाबली तर चेपेल अशी.

"हाच," सुधीर म्हणाला. सुधीर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा. "धक्का बसला की जाळी चेपते. मार ती खाते, छाती वाचते."

हे त्याने आधीही सांगितलं होतं. अब्दुर्रहमानने ऐकलं असतं तर आज हे टेबल मांडायची वेळच आली नसती.

जुनं चाक मोठं होतं, तनवीरचे गुडघे त्याला आपटायचे. तनवीर म्हणजे अब्दुर्रहमानचा धाकटा भाऊ आणि गाडीचा खरा आशिक. त्याच्यासाठी लाकडी कडेचं लहान चाक घेतलं, त्याला हब हवा होता. आता भिवंडीत लूमचा एखादा पार्ट वरचेवर तुटायला लागला, की तो लेथवर भरीव बनवून घ्यायचा आणि निवांत झोपायचं, हीच रीत. कापडाच्या लूमची शेड चालवताना अब्दुर्रहमानचे केस याच रितीत पिकले होते. सुधीरचं बोलणं ऐकून तो खो खो हसला होता.

"मोडायला म्हणून कोण पार्ट बनवतो रे? आमच्या धंद्यात असा पार्ट देणाऱ्याला लोक चपलेनं मारतील."

त्याने शेलार गावच्या लेथवाल्या दामूकडून पोलादी हब कातून घेतला. दामूने मन लावून काम केलं. "शेट, गाडी मोडंल, पन ह्यो न्हाय मोडाचा," असं छातीठोकपणे सांगितलं. आणि त्याचा शब्द खरा ठरला, हेच तर दुःख होतं.

मानकोलीच्या नाक्यावर पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि तनवीर मागून धडकला. वेग फारसा नव्हता. अब्दुर्रहमान पोचला तेव्हा तनवीरला लोकांनी दवाखान्यात नेलं होतं. तो शुद्धीत आहे, स्वतः चालत रिक्षात बसला, असं कळल्यावर अब्दुर्रहमानने आधी गाडी बघितली. नाक चेपलं होतं, दिवे फुटले होते. चाक मात्र जागचं हललं नव्हतं. त्याने तिथूनच सुधीरला फोन लावला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "बघ, तुझं ऐकलं असतं तर? हबला खरचटलंसुद्धा न्हाय!"

पलीकडून सुधीरने एवढंच विचारलं, "आणि तनवीरला?"

तनवीरच्या छातीचं हाड मोडलं होतं, बरगड्या फुप्फुसात घुसल्या होत्या. हबने जे सोसायचं ते सगळं त्याने सोसलं होतं. तो वाचला, पण दम गेला. आणि त्याबरोबर शिट्टी गेली. लूमच्या खडखडाटात माणसाची हाक पोचत नाही. तनवीर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा आणि शेडच्या टोकाचा कारागीर मान वळवायचा. गाडीचा हॉर्न कधीचा बंद होता, पण तनवीरने तो दुरुस्त करू दिला नव्हता. "मी हाय ना," म्हणायचा. अपघातानंतर तो गाडीजवळ फिरकला नव्हता. हबबद्दल भावाला एका शब्दानेही बोलला नव्हता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर अब्दुर्रहमानला बरं वाटलं असतं.

गाडीचं नाक आणि दिवे आधीच दुरुस्त झाले होते, आता जाळीचा हब बसवला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचे दाते नीट जुळतात ना, हे सुधीरने दोनदा बघितलं. अब्दुर्रहमानने मधोमध हॉर्नचं बटणही लावून घेतलं. मग तो तनवीरला बोलवायला गेला. सफिया, तनवीरची बायको, दारातच म्हणाली, "भाईजान, ते न्हाय बसायचे त्या गाडीत."

आतून तनवीर आला. धापा टाकत खाली उतरला, गाडीत वाकला आणि अंगठ्याने जाळी चाचपत राहिला.

"हा चेपतो?"

"चेपतो," अब्दुर्रहमान म्हणाला. "हा आधीच आणायला पाहिजे होता रे. माझ्या अडाणी हट्टापायी तुझी छाती गेली."

तनवीर दार उघडून चाकामागे बसला. "बस," शेजारच्या सीटकडे बोट दाखवत म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी शेळ्या आडव्या आल्या. सवयीने तनवीरची दोन बोटं ओठांशी गेली. नुसती हवा निघाली, मग खोकला. अब्दुर्रहमानला कुठे बघावं कळेना.

तनवीरने बोटं पुसली आणि हॉर्नचं बटण दाबलं. शेळ्या बाजूला झाल्या.

"हॉर्न बरा हाय, भाई," तो म्हणाला.